वैद्यपुत्र लिव्हिंग्स्टन : एका आडनावाची कथा



आपल्या मंडळीच्या जुन्या नोंदवहीत आपल्या घराण्याचे आडनाव कसे लिहिले आहे, हे आपण कधी पाहिले आहे काय? पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते एका रीतीने, आजोबांच्या विवाहनोंदीत दुसऱ्या रीतीने आणि आपल्या स्वतःच्या दाखल्यावर तिसऱ्याच रीतीने लिहिलेले आढळले, तर नवल मानू नये. लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले आणि पुढे तेच कायम झाले. वसईच्या व गोव्याच्या आपल्या ख्रिस्ती बांधवांकडे पोर्तुगीज अमदानीत परेरा, डिसोझा, डिमेलो अशी आडनावे आली. उलट बाबा पदमनजी किंवा नारायण वामन टिळक ह्यांनी बाप्तिस्म्यानंतरही आपली पूर्वीचीच नावे राखली. नावाशी माणसाचे नाते काय, पूर्वजांचे नाव पालटले तर त्यांचा वारसाही तुटतो काय, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही.

हा प्रश्न मनात ठेवून आज आपण एका थोर देवभक्ताच्या जीवनाकडे पाहू या. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे नाव आपण शब्बाथशाळेत ऐकले आहे. आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरलेले मिशनरी, सिंहाच्या जबड्यातून वाचलेले धाडसी पुरुष आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जगाची सद्सद्विवेकबुद्धी जागी करणारे प्रभूचे सेवक म्हणून त्यांची ख्याती आहे. परंतु लिव्हिंग्स्टन हे त्यांच्या पूर्वजांचे मूळ आडनाव नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते मूळ नाव काय होते आणि त्याचा अर्थ काय, हे समजले की त्यांच्या सबंध आयुष्याकडे आपण नव्या दृष्टीने पाहू लागतो.

गेलिक भाषेतील मूळ नाव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत लहानमोठी अनेक बेटे विखुरलेली आहेत. त्या बेटांवर आणि त्यांच्यालगतच्या डोंगराळ मुलखात पूर्वी गेलिक भाषा बोलली जाई. ही भाषा इंग्रजीची पोटभाषा नव्हे. ती आयर्लंडच्या प्राचीन भाषेची सख्खी बहीण आहे. ह्या भाषेत 'मॅक' म्हणजे पुत्र. मॅक ह्या शब्दापुढे पित्याचे नाव किंवा त्याचा व्यवसाय जोडला की आडनाव तयार होई. मॅकडॉनल्ड म्हणजे डॉनल्डचा पुत्र आणि मॅकिंटायर म्हणजे सुताराचा पुत्र. आपल्याकडे सुतार, वैद्य, जोशी ही आडनावे जशी पूर्वजांच्या व्यवसायाची आठवण देतात, तसाच हा प्रकार होय.

ह्याच रीतीने 'मॅक अन ल्ये' असे एक आडनाव होते. गेलिकमध्ये 'ल्ये' म्हणजे वैद्य. म्हणून मॅक अन ल्ये ह्याचा अर्थ वैद्याचा पुत्र. गेलिक न जाणणाऱ्या कारकुनांनी हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्याचे मॅक्ले केले, मॅक्ली केले आणि त्या प्रत्येकाची स्पेलिंगेही निरनिराळी केली. आज एकमेकांना परके समजणारी कितीतरी कुटुंबे वास्तविक ह्या एकाच नावाची लेकरे आहेत.

ह्या नावाचे आणखी एक मूळ अभ्यासक सांगतात. 'डॉन श्लेव' असे एक प्राचीन व्यक्तिनाव आयर्लंडमध्ये होते. त्यातील पहिला शब्द तपकिरी रंगाचा आणि दुसरा पर्वताचा वाचक आहे. ह्या नावाचे घराणे आयर्लंडच्या ईशान्य भागातील उलिडच्या गादीवर होते. इ. स. ११७७ मध्ये नॉर्मन सरदार जॉन डी कूर्सी ह्याने त्यांची राजधानी जिंकली आणि त्यांचे वैभव ओसरले. पुढे ह्याच घराण्यातील मंडळी डोनेगल येथील ओडॉनेल सरदारांची वंशपरंपरागत वैद्य झाली. पंधराव्या शतकातील कॉर्मॅक नावाच्या त्यांच्या एका वैद्याने लॅटिनमधील वैद्यकग्रंथांचे आयरिश भाषेत भाषांतर केले. आयर्लंडात ह्या नावाची इंग्रजी रूपे डनलेव्ही आणि डॉनलेव्ही अशी झाली. जे आपला मुलूख सोडून इतरत्र गेले त्यांना लोक अल्स्टरकराचा पुत्र म्हणू लागले आणि त्यातून मॅकनल्टी हे आणखी एक आडनाव जन्मास आले. स्कॉटलंडातील मॅक्ले हे नाव वैद्य ह्या शब्दावरून आले की डॉन श्लेववरून, ह्याविषयी मतभेद आहेत. परंतु वाचकहो, दोन्ही वाटा शेवटी वैद्याच्याच अंगणात जाऊन पोहोचतात.

ह्या कुळाची आणखी एक ओळख आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लिस्मोर नावाच्या बेटावर सहाव्या शतकात संत मोल्युग ह्यांनी मठ स्थापून ख्रिस्ताचे शुभवर्तमान त्या प्रदेशात पसरविले. त्यांची लाकडी काठी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्याचा मान ह्याच कुळातील एका घराण्याकडे आला आणि ती काठी आजही लिस्मोरवर आहे. रोग्याची सेवा करणारा वैद्य आणि मेंढपाळाची काठी सांभाळणारा सेवक, असा दुहेरी वारसा ह्या नावामागे उभा आहे.

परक्या नावाचे पांघरूण

मग वैद्यपुत्रांचे लिव्हिंग्स्टन कसे झाले? हे नाव मूळचे स्कॉटलंडच्या सखल भागातील. एडिंबरोच्या पश्चिमेस बाराव्या शतकात लेव्हिंग नावाच्या एका जमीनदाराने वसाहत केली. लेव्हिंगचे गाव म्हणून ते लिव्हिंग्स्टन. त्या गावाच्या नावावरून एका बलाढ्य सरदार घराण्याने आपले आडनाव घेतले. ह्या नावाचा गेलिक वैद्यांशी अर्थाने काहीही संबंध नाही. तरीही सतराव्या शतकापासून पश्चिमेकडील मॅक्ले मंडळी इंग्रजी व्यवहारात आपणांस लिव्हिंग्स्टन म्हणवून घेऊ लागली. घरी, शेजारी आणि प्रार्थनेत गेलिक नाव. कागदावर, बाजारात आणि दरबारात इंग्रजी नाव, अशी ही विभागणी होती.

ही केवळ हौस नव्हती. १६१६ साली स्कॉटलंडच्या राजाच्या मंत्रिमंडळाने गावोगाव इंग्रजी शाळा काढण्याचा हुकूम केला आणि गेलिक भाषा नाहीशी व्हावी हा हेतू त्यात उघडपणे नमूद केला. त्यापूर्वीच, १६०३ साली, मॅकग्रेगर कुळाचे आडनाव उच्चारणे हाच गुन्हा ठरविण्यात आला होता आणि त्याला देहान्ताची शिक्षा होती. ती बंदी मधल्या काही वर्षांचा अपवाद सोडता १७७४ पर्यंत टिकली. त्या काळात कित्येक मॅकग्रेगरांनी जीव वाचविण्यासाठी दुसऱ्यांची आडनावे घेतली. ज्या देशात नावामुळे प्राण जाऊ शकतो, तेथे प्रतिष्ठित इंग्रजी नावाचे पांघरूण घेण्याचा मोह दुबळ्याला झाला, तर त्याला दोष कोणी द्यावा?

उल्व्हा बेटावरून ब्लँटायरला

डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचे पूर्वज मल बेटाशेजारच्या उल्व्हा ह्या लहानशा बेटावर शेती करीत. त्यांचे पणजोबा १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर जुन्या राजघराण्याच्या बाजूने लढताना पडले. आजोबा नील ह्यांना आपल्या मागच्या सहा पिढ्यांची हकिकत तोंडपाठ होती. त्यांच्या सांगण्यात एका पूर्वजाची गोष्ट वारंवार येई. तो बेटावर आपल्या शहाणपणाबद्दल प्रसिद्ध होता. मरणसमयी त्याने मुलांना जवळ बोलावले आणि आपल्या कुळाच्या साऱ्या परंपरेत शोधूनही आपल्याला एकही अप्रामाणिक मनुष्य आढळला नाही, तेव्हा तुमच्यापैकी कोणी तसा निघाला तर त्याचा दोष रक्ताला देता येणार नाही, अशा आशयाचे सांगून प्रामाणिकपणाची शिकवण हाच आपला वारसा म्हणून मागे ठेवला. नाव पालटले, तरी ही शिकवण पालटली नाही.

लहानशा शेतावर वाढत्या कुटुंबाचा निर्वाह होईना, तेव्हा १७९२ साली आजोबांनी बेट सोडले आणि ग्लासगोजवळील ब्लँटायर येथे कापडगिरणीच्या आश्रयाला ते आले. कोकणातून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या आपल्याकडील कुटुंबांची आठवण येथे कोणाला होणार नाही? आजी आपल्यासोबत गेलिक गाणी आणि गेलिक भाषा घेऊन आली. गेलिक भाषेतील नवा करार १७६७ साली आणि संपूर्ण पवित्र शास्त्र १८०१ साली सिद्ध झाले होते. डेव्हिडच्या वडिलांनी, त्यांचेही नाव नीलच, आपल्या आईला तिच्या जिवाच्या भाषेत शास्त्र वाचून दाखवता यावे एवढ्यासाठी गेलिक वाचण्याचा अभ्यास केला. ज्या भाषेला राजाने हद्दपार करू पाहिले, त्या भाषेत एक मुलगा आपल्या वृद्ध आईजवळ बसून देवाचे वचन वाचत आहे, हे चित्र मोठे हृदयस्पर्शी आहे.

हे वडील चहा विकून संसार चालवीत, शब्बाथशाळेत शिकवीत आणि सही करताना आडनावातील इंग्रजीचे शेवटचे 'ई' हे अक्षर गाळीत. डेव्हिडही तरुणपणी तसेच लिहीत. पुढे १८५० च्या दशकात त्यांनी वडिलांच्या इच्छेनुसार ते अक्षर पुन्हा जोडले. आपल्या देवनागरी लिपीत हा फरक दिसतही नाही. परंतु त्या घरात एका मुक्या अक्षराचीही आठवण ठेवली जात होती, हे आपण लक्षात घ्यावे.

वैद्याचा पुत्र वैद्य होतो

डेव्हिडचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी ब्लँटायरच्या गिरणीकामगारांच्या चाळीत, एका खोलीच्या बिऱ्हाडात झाला. दहाव्या वर्षी तो गिरणीत लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तुटलेले धागे जोडण्याचे काम, आणि त्यानंतर दहापर्यंत रात्रीची शाळा. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले. सूतकताईच्या यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून तो येताजाता एकेक वाक्य वाची.

विशीच्या सुमारास त्याच्या अंतःकरणाने प्रभूचा पूर्ण स्वीकार केला. चीनमध्ये वैद्यकीय मिशनऱ्यांची गरज आहे, असे कार्ल गुट्झलाफ ह्यांचे आवाहन त्याच्या वाचनात आले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. वडिलांना धर्मसेवा हवी होती; वैद्यक हा सांसारिक मार्ग असे त्यांना वाटे. आता दोन्ही वाटा एक झाल्या. १८३६ साली डेव्हिडने ग्लासगोच्या अँडरसन महाविद्यालयात वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. १८४० च्या नोव्हेंबरात त्यांना ग्लासगोच्या वैद्यकमंडळाची सनद मिळाली आणि त्याच महिन्यात त्यांची दीक्षाही झाली. चीनचा मार्ग अफूच्या युद्धामुळे बंद झाला होता. रॉबर्ट मॉफट ह्यांनी आफ्रिकेतील असंख्य गावांविषयी सांगितलेले ऐकून त्यांचे मन तिकडे वळले, आणि लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ८ डिसेंबर १८४० रोजी त्यांनी प्रस्थान केले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. इंग्रजी आडनावाच्या पांघरुणाखाली वैद्याचा पुत्र हा अर्थ दोन शतके झाकून गेला होता. आता त्याच कुळातील एक गिरणीकामगार औषधांची पेटी आणि पवित्र शास्त्र हाती घेऊन निघाला होता. नाव विसरले गेले होते, परंतु त्या नावाचे कार्य देवाने उभे केले.

पुढची हकिकत आपल्या परिचयाची आहे. १८४४ साली माबोत्सा येथे सिंहाने त्यांचा डावा दंड चावून हाड मोडले. १८४५ साली मॉफट ह्यांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८५३ ते १८५६ ह्या काळात त्यांनी आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडापासून पूर्वेकडील केलिमानेपर्यंत ओलांडले. वाटेत १८५५ च्या नोव्हेंबरात ज्या प्रचंड धबधब्याला तेथील लोक मोसी-ओआ-तुन्या म्हणत, त्याला त्यांनी आपल्या राणीचे नाव दिले. ज्यांच्या पूर्वजांची नावे परक्यांनी पुसली, त्यांच्याच हातून परक्या भूमीतील एका नावावर दुसरे नाव चढले, ही गोष्ट आपण प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. आज दोन्ही नावे चालतात.

त्यांच्या जीवनात अपयशही पुष्कळ होते. ज्याला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा दिला त्या सेचेले राजाचे पाऊल घसरले, तेव्हा ते निराश झाले. परंतु तो राजा पुढे अनेक वर्षे आपल्या लोकांना स्वतःच सुवार्ता सांगत राहिला. वडिलांची अखेरची भेट लिव्हिंग्स्टन ह्यांना मिळाली नाही. ते १८५६ च्या डिसेंबरात मायदेशी परतले तेव्हा वडील त्याच वर्षी निवर्तले होते. १८६२ साली झाम्बेझी नदीकाठी शुपांगा येथे पत्नी मेरीचा तापाने अंत झाला. मुले दूर देशी, बापाच्या सहवासावाचून वाढत होती.

नाव टाकून दिलेला पुत्र

ह्या मुलांपैकी थोरल्याची, रॉबर्टची, कथा ह्या आडनावाच्या इतिहासातील सर्वांत दुःखद पान आहे. १८४६ साली जन्मलेला हा मुलगा वडिलांशी पटवून घेऊ शकला नाही. भटकत भटकत तो अमेरिकेला पोहोचला आणि तेथील यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्यात भरती झाला. भरती होताना त्याने आपले नाव लिव्हिंग्स्टन सांगितले नाही. रूपर्ट व्हिन्सेंट असे खोटे नाव लिहविले. आपल्या हातून वडिलांच्या नावाला आणखी कलंक लागू नये म्हणून आपण असे केले, असे त्याने पित्याला पत्राने कळविले. तो जखमी झाला, दक्षिणेकडील सैन्याच्या हाती सापडला, आणि १८६४ च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायना राज्यातील सॉल्सबरीच्या बंदिशाळेत मरण पावला. त्याचे वय केवळ अठरा वर्षांचे होते.

जे सैन्य गुलामगिरी मोडण्यास कारण झाले, त्याच सैन्यात तो पडला. पिता आफ्रिकेत ज्या पापाशी झगडत होता, त्याच पापाविरुद्धच्या युद्धात पुत्राने प्राण दिला. पण पित्याचे नाव घेण्यास आपण लायक नाही, असे त्याला वाटले. आईबापहो, आपल्या घराण्याचे नाव आपण मुलांच्या खांद्यांवर आशीर्वाद म्हणून ठेवतो की ओझे म्हणून, हा विचार ह्या कोवळ्या मुलाची कबर आपणांस करावयास लावते.

मुंबई आणि नाशिक

रॉबर्ट अमेरिकेत लढत होता त्याच १८६४ साली त्याचे वडील आपल्या मुंबई बंदरात उतरले होते. झाम्बेझीची मोहीम सरकारने परत बोलावली होती. स्वतःच्या पैशाने बांधवून घेतलेली लेडी न्यासा ही छोटी आगबोट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ नये, म्हणून ती मुंबईत विकावी असे त्यांनी ठरविले. झांझिबारहून अडीच हजार मैलांचा समुद्र, पावसाळा तोंडावर आलेला, आणि सोबतीला मूठभर माणसे. अशा स्थितीत पंचेचाळीस दिवसांनी, १३ जून १८६४ रोजी, ते मुंबईस पोहोचले. पुढच्या वर्षी परत आल्यावर ती बोट विकली गेली, पण किंमत आली ती खर्चाच्या निम्म्याहूनही कमी; आणि तीही पेढी बुडाल्याने गेली.

बोटीवर दोन आफ्रिकी मुले होती, चुमा आणि विकातानी. १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. लिव्हिंग्स्टन ह्यांनी त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेवले आणि १८६५ साली तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा चुमाला जेम्स हे नाव मिळाले. त्याच काळात नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय दिला होता. तेथे त्यांना अक्षरओळख आणि हस्तव्यवसाय शिकवीत. लिव्हिंग्स्टन ह्यांनी त्या शाळेतील काही तरुण आपल्या पुढच्या प्रवासासाठी निवडले आणि १८६६ च्या जानेवारीत ते मुंबईहून झांझिबारला निघाले.

ह्या मुलांच्या नावांकडे पाहा. एडवर्ड गार्डनर हा शरणपूरचा एक तरुण. तेथेच शिकलेला याओ जमातीचा दुसरा एक तरुण जेकब वेनराइट ह्या नावाने इतिहासात आला. वेनराइट म्हणजे इंग्लंडातील गाडे बनविणारा सुतार. जसे उल्व्हाच्या वैद्यपुत्रांना सखल भागातील एका गावाचे नाव चिकटले, तसे आफ्रिकेच्या अरण्यात जन्मलेल्या ह्या मुलाला इंग्लंडच्या सुताराचे नाव लागले. ज्यांची मूळ नावे गुलामांच्या बाजारात हरवली, त्यांना शरणपुरात नवी नावे मिळाली. त्यात प्रेमही होते आणि हानीही होती. दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळी पाहण्यास शिकले पाहिजे.

झाडावर कोरलेले नाव

हा शेवटचा प्रवास सात वर्षे चालला. नाशिकचे सर्वच तरुण टिकले नाहीत. परंतु गार्डनर शेवटपर्यंत राहिला. १८६७ च्या जानेवारीत पळून गेलेल्या एका नोकराने औषधांची पेटी नेली. वैद्याजवळ औषधच उरले नाही. ह्यापुढे ताप आणि अतिसार त्यांचे शरीर पोखरीत राहिले. १८७१ साली उजिजी येथे वार्ताहर हेन्री स्टॅन्ली त्यांना भेटला. हा स्टॅन्लीही मूळचा वेल्समधील जॉन रोलंड्स; अनाथालयासारख्या आश्रयगृहात वाढलेल्या त्या मुलाने अमेरिकेत नवे नाव घेतले होते. पुढच्या वर्षी जी माणसे मदतीस पाठविण्यात आली, त्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबो ह्या प्रमुखाच्या गावी, लिव्हिंग्स्टन खाटेशेजारी गुडघे टेकून प्रार्थनेच्या स्थितीत मरण पावलेले त्यांच्या सोबत्यांना आढळले. सुसी, चुमा आणि इतरांनी ठरविले, की त्यांचा देह त्यांच्या लोकांकडे पोहोचवावयाचा. त्यांनी हृदय काढून तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने इंग्रजीतून दफनविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख कोरली. सोबतीच्या काही आफ्रिकी पुरुषांची नावेही त्याने खाली कोरली. नंतर देह मिठाने व उन्हाने वाळवून, सालीत आणि कापडात गुंडाळून, हजाराहून अधिक मैलांची वाट तुडवीत त्यांनी तो १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वाटेत कित्येक सोबती मरण पावले.

लंडनला देहाची ओळख पटवावी लागली. चेहऱ्यावरून ती पटणे शक्य नव्हते. सर विल्यम फर्ग्युसन ह्यांनी डावा दंड तपासला; सिंहाने मोडलेल्या हाडाची जुनी खूण तेथे होती. ज्या मनुष्याच्या आडनावाला इतकी रूपे होती, त्याची ओळख शेवटी पटली ती कागदावरील नावाने नव्हे. सेवेत मिळालेल्या जखमेने पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले. शवपेटी वाहणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइटही होता.

चितांबोच्या झाडाचा नाव कोरलेला भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्रफिकल सोसायटीकडे गेला. धबधब्याजवळचे झांबियातील शहर लिव्हिंग्स्टन ह्याच नावाने ओळखले जाते. मलावीतील मोठे शहर ब्लँटायर त्यांच्या जन्मगावाचे नाव सांगते. स्वातंत्र्यानंतर आफ्रिकेतील पुष्कळ शहरांची वसाहतकालीन नावे बदलली गेली. त्या मंडळींनी ही नावे मात्र राखली.

आपले नाव कोणते?

वाचकहो, लिव्हिंग्स्टन हा इंग्रजी शब्द ऐकला की जिवंत दगड असा अर्थ कानाला भासतो. भाषेच्या इतिहासात तो खरा नाही. त्या नावात लेव्हिंगचे गाव आहे, दगड नाही. तरीही आपल्यासारख्या शास्त्राच्या वाचकाला पेत्राच्या पहिल्या पत्रातील जिवंत धोंड्यांचे मंदिर आठवल्याशिवाय राहत नाही. ते पत्र ज्याने लिहिले, त्याचेही नाव प्रभूने स्वतः पालटले होते. मासे धरणारा शिमोन केफा झाला. अब्रामाचा अब्राहाम झाला, याकोबाचा इस्राएल झाला.

मात्र ह्या दोन नामांतरांत भेद आहे. जगातील सत्ता माणसाचे नाव पालटते तेव्हा त्याला त्याच्या मुळापासून तोडू पाहते. देव नाव पालटतो तेव्हा तो माणसाला त्याच्या खऱ्या कार्याकडे नेतो. मॅक अन ल्ये घराण्याचे नाव पहिल्या प्रकारे झाकले गेले. परंतु देवाने दुसऱ्या प्रकारे ते उघड केले. कोणीही गेलिक शब्दकोश न उघडता एका वैद्यपुत्राने वैद्याचे काम केले, त्याच्या पूर्वजाने मागितलेला प्रामाणिकपणा जपला, आणि ज्यांच्यासाठी त्याने आयुष्य वेचले त्यांनीच त्याचे नाव आपल्या हातांनी झाडावर कोरले.

म्हणून आपल्या नोंदवहीतील आडनाव कोणत्याही रूपात असो, मराठी असो की पोर्तुगीज, गावावरून आलेले असो की व्यवसायावरून, त्याचा इतिहास अवश्य शोधा. वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले लिहून ठेवा. कारण सहा पिढ्यांची हकिकत सांगणारे आजोबा प्रत्येक घरी फार काळ राहत नाहीत. मुलांना ते नाव ओझे वाटू नये, एवढे प्रेमही त्याबरोबर द्या. आणि शेवटी, आपल्या नावापुढे आपल्या जीवनाने कोणता अर्थ लिहिला जात आहे, हे स्वतःला विचारा. कोकऱ्याच्या जीवनाच्या पुस्तकात नावे लिहिली आहेत, असे शास्त्र सांगते. तेथील लेखनिक कोणाचेही नाव चुकीचे लिहीत नाही.